ही तुमची भाजी

नामिसोम्बा, १४ नोव्हेंबर

वायसन,

रेडिओवरचं तुझं बोलणं आम्ही ऐकलं. सगळ्या गावाने ऐकलं, कारण गुरुवारी संध्याकाळी ऐका असा निरोप तूच पाठवला होतास. डोरोफे शेजारणीचा रेडिओ आंब्याखाली आणला, नवे सेल मी घातले. फालेसीमावशी तुरीच्या शेंगा सोलायला घेऊन सगळ्यांच्या पुढे बसली होती, अगदी रेडिओकडे तोंड करून. जणू तू त्यातून बाहेरच येणार होतास.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस. मिनीबसचा ड्रायव्हर तुझ्या दुकानावरूनच जातो, त्याच्याकडे देतोय.

सुरुवात चांगली होती. आईचं नाव घेतलंस. अनवाणी शाळेत जायचो म्हणालास, ते खरं आहे, तुझ्या पुढे मी चालत होतो. मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, गरिबांना सरकारने असे घरबसल्या पैसे द्यावेत का? तू म्हणालास, आयतं मिळालं की हात काम विसरतात. इथे आंब्याखालीही दोघा-तिघांनी माना डोलावल्या. असलं बोलणं कानाला गोड लागतं, विशेषतः ज्याला ते पैसे मिळत नाहीत त्याच्या.

आणि मग तू ती गोष्ट सांगितलीस. "माझ्या स्वतःच्या गावात, नामिसोम्ब्यात, एक बाई आहे. गरीब म्हणून सरकारची मदत घेते. मी दोन मित्रांना घेऊन गेलो, तर बाईने बकरीएवढी कोंबडी उचलून आमच्या नाकासमोर धरली. म्हणे, ही तुमची भाजी! अहो, मी ब्लँटायर शहरात दुकान चालवतो आणि माझ्या घरी आठवडाभर घेवडा शिजतो!"

मुलाखत घेणारी बाई हसली. तुझ्याबरोबर आणखी कोणी बसले होते, तेही हसले.

पाहुण्याला कोंबडी कापण्याआधी जिवंत दाखवायची असते, आणि तिला कोंबडी म्हणायचं नसतं, भाजी म्हणायचं असतं, म्हणजे खाणाऱ्याला ओझं वाटत नाही. हे मी तुला सांगायचं का? त्या हसणाऱ्या बाईलाही हे ठाऊक असणार. तिच्याही आईने कुणाला तरी असंच म्हटलं असेल. पण तू ते असं सांगितलंस की हसूच यावं.

आंब्याखाली कोणी हसलं नाही. डोरोफेने उठून रेडिओ बंद केला. मावशीने हातातली शेंग सोलून पुरी केली आणि म्हणाली, "आवाज स्वच्छ येतो हं त्याचा." थोड्या वेळाने म्हणाली, "बकरीएवढी नव्हती."

एवढंच.

आई गेली तेव्हा तू दूधपिता होतास. मावशी तुला पाठीवर बांधून दुसऱ्यांच्या शेतात राबली, दिवसाच्या शेवटी मिळणाऱ्या मक्याच्या पिठासाठी. तू 'एक बाई' म्हणालास. आपल्याकडे आईच्या बहिणीला आईच म्हणतात.

माझं मागणं साधं आहे. येत्या गुरुवारी तिथेच जा आणि सांग की मी चुकीचं बोललो. त्या कोंबडीबद्दल आणखीही लिहिता आलं असतं, पण मावशीने माझ्या तोंडावर बोट ठेवलंय. म्हणून थांबतो.

तुझा मोठा भाऊ,
जायलोस


नामिसोम्बा, ३ डिसेंबर

वायसन,

तुझी चिठ्ठी आणि पिठाचं पोतं पोचलं. तू लिहितोस की मी कुणाचं नाव घेतलं नाही, मी तत्त्वाचं बोललो.

नाव घ्यायची गरजच काय? इथे मदत चार घरांना मिळते आणि ब्लँटायरहून मोटारीतून पाहुणे एकाच घरी आले होते. आता आठवडी बाजारात नामिसोम्ब्याचं माणूस दिसलं की कुणीतरी ओरडतं, "या या, ही तुमची भाजी!" परवा एकाने मावशीला मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवला. ती म्हणाली, "नको बाळा, तूच खा. अंगाने फारच बारीक दिसतोस."

पण हसण्यासारखं नाही. तुझं बोलणं जिल्हा कचेरीतही ऐकलं गेलं. मागच्या मंगळवारी चिरांबो नावाचे साहेब मोटारसायकलवर आले. तरुण आहेत, वागायला सभ्य. अंगणात बसले, मी शेजारी होतो.

"आजी, तुम्ही पाहुण्यांना कोंबडी घातलीत?"

"घातली."

"कोंबडी कुणाची होती?"

"माझ्या चुलीवर शिजली, म्हणजे माझीच."

"पाळता का कोंबड्या?"

"कोंबडीला कोण पाळतं साहेब, ती आपली आपण फिरते."

"म्हणजे तुमच्याकडे आहेत?"

मी तोंड उघडलं तर मावशीने माझ्या पायावर टाच दाबली. साहेबांनी अंगणभर नजर टाकली. कोंबडी काय, पीससुद्धा नव्हतं. तरी त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, तक्रार रेडिओवर झाली आहे, वरून विचारणा आली आहे. फेरतपासणी होईपर्यंत तुमची मदत थांबवावी लागेल.

थांबली.

तुला ठाऊक आहे का हे कुठल्या घरात थांबलं? मावशीची मुलगी वारल्यापासून तिची दोन्ही मुलं मावशीकडे आहेत. गेल्या पुरात मका गेला, तिचाही आणि माझाही. त्या मदतीवर ही दोघं दुपारी जेवतात आणि त्यातली तामांदानी शाळेत जाते. तिला माध्यमिकला जागा मिळाली आहे. आपल्या घराण्यात आजवर एकही मुलगी तिथवर गेली नाही. सत्र उघडताना शुल्क भरलं नाही तर ती जागा दुसऱ्या मुलीला जाईल.

तुझं पोतं आम्ही परत पाठवत नाही आहोत. माझी बायको एलुबे म्हणाली पाठवा, ती तुझ्यावर फार रागावली आहे. मावशी म्हणाली, "राग मोठ्यांचा आहे, पोटं लहानांची आहेत." पोतं फोडलं.

आता तुझ्या तत्त्वाबद्दल. तू लिहितोस की तू घामावर वर आलास, कुणाकडून काही घेतलं नाहीस. तुझ्या दुकानापुढचा रस्ता सरकारने डांबरी केला तेव्हापासून तुझा धंदा वाढला, हे तूच मला सांगितलं होतंस. तुला त्या रस्त्याने आळस आला का, हे बघायला कोणी आलं होतं? तू त्या रात्री काय जेवलास, हे कुणी तुझ्या अंगणात बसून विचारलं? तू सिमेंट आणायला कर्ज घेतलंस आणि सरकारने त्याचं व्याज कमी केलं. त्याला तू मदत म्हणत नाहीस, धोरण म्हणतोस. मी गावच्या शाळेत शिकलोय, मोठे शब्द मला नीट वापरता येत नाहीत. पण एकच गोष्ट तुला मिळाली की तिचं नाव वेगळं आणि मावशीला मिळाली की वेगळं, एवढं मला कळतं.

मागच्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या कारभारी मंडळातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. तेही तुझ्यासारखंच म्हणाले, मागण्याने माणूस आळशी होतो. मी म्हटलं, आताच आपण सगळ्यांनी गुडघे टेकून रोजचं अन्न मागितलं. तुम्ही माझ्या शेजारीच होतात, आणि मोठ्याने मागत होतात. मीही त्यांच्यासारखाच कारभारी मंडळात आहे, असं बोलणं मला शोभत नाही, असं ते म्हणतात. मी त्यावर प्रार्थना केली. शोभलं नाही असं मला वाटलं नाही.

गुरुवार दोन येऊन गेले. तू रेडिओवर गेला नाहीस.

जायलोस


नामिसोम्बा, ९ जानेवारी

वायसन,

तुझा निरोप मिळाला. आता मावशीच्या खर्चाचं तू बघतोस म्हणे, तेव्हा सरकारचा नाद सोडा. मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "किती दिवस बघेल?" मी म्हटलं, मनात असेल तितके दिवस. ती म्हणाली, "तेच ना."

तुझं मन चांगलं नाही असं ती म्हणत नाही. पण तुझं मन तुझं आहे. मदत तिच्या हक्काची होती. सायकलचं पंक्चर काढून घ्यायलाही कुणाच्या मनाची वाट बघावी लागत नाही. मग नातीच्या शाळेसाठी का बघावी?

फेरतपासणीची सभा ठरली आहे, पुढच्या शुक्रवारी, गावच्या प्रमुखबाईंच्या अंगणात. सगळ्या गावासमोर चौकशी होईल. चिरांबो साहेबांनी मला वाटेत थांबवून सांगितलं, की गावाचं म्हणणं ऐकून घेऊच, पण जो पाहुणा बोलला त्याचंच बोलणं कागदावर आलंय. त्या पाहुण्याने ते मागे घेतलं तर काम सोपं होईल. आणि त्यांनी हळूच विचारलं, "ती कोंबडी खरंच त्यांची होती का हो?"

मी त्यांचा निरोप घेतला. घरी आलो, संध्याकाळची प्रार्थना करायला बसलो आणि शब्द सुचेनात. जे मला बोलायचंय ते मावशीने बोलू नको म्हटलंय. तिचं कारण मला पटतं. तेच बोललो नाही तर तामांदानीची जागा जाते. गणवेश शिवायला दिलेलं कापड तिने शिंप्याकडून परत आणलं आणि घडी करून ठेवलं.

मावशी हल्ली पहाटे दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाते. गुडघे वाकत नाहीत, म्हणून बसून सरकते, चिखलात. सत्तरीकडे आलेली बाई.

तेव्हा ऐक.

ती कोंबडी डोरोफेची होती. अंड्यांवर बसायला आलेली. तू आणि तुझे मित्र मोटारीपाशी उभे राहून डोंगराचे फोटो काढत होतात, तेव्हा मावशीने तामांदानीला मागच्या बाजूने पळवलं. डोरोफे आधी नको म्हणाली. मावशीने कुंपणावरून तिला सांगितलं, या हंगामात तुझी तूर मी निंदून देते. अशा बोलीवर कोंबडी आली. मग मावशीने ती तुझ्यासमोर धरली आणि म्हणाली, ही तुमची भाजी. कलेजी आणि पोटा तुझ्या ताटात वाढला. तुझ्या मित्राने तंगडी अर्धी टाकली, म्हणाला गावठी आहे, चावत नाही. मुलांनी त्या दिवशी रश्श्यात बुडवून मक्याच्या पिठाचा न्सिमा खाल्ला आणि ताटं चाटली. हे तुला दिसलं नाही, कारण ती स्वयंपाकघराच्या मागे बसली होती. मावशीने त्यांना तिथेच बसायला सांगितलं होतं.

डोरोफेची तूर ती अजून निंदते आहे. मी वर लिहिलं ना दुसऱ्यांच्या शेतात, त्यातलं एक शेत ते.

ताटातलं कुठून आलं हे पाहुण्याला कधी सांगायचं नसतं. सांगितलं की वाढणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. मावशी म्हणाली होती, "पैसे गेले तरी चालतील, पण माझ्या घरी येऊन उसनं खाल्लं, असं त्या पोराला आयुष्यभर वाटायला नको." ती तुझ्यासाठी गप्प राहिली. स्वतःसाठी नाही.

मी तिचा शब्द मोडला. तिला अजून सांगितलेलं नाही, आज सांगेन. पण तुला हे कळलं, त्याअर्थी आजपासून तू त्या घरचा पाहुणा नाहीस. पाहुणा नसलेला माणूस घरचा असतो, नाहीतर परका. कुठला ते तू ठरव.

सभा शुक्रवारी आहे. त्याच्या आदल्या दिवशी गुरुवार येतो.

जायलोस


नामिसोम्बा, २ फेब्रुवारी

वायसन,

तू बोललास. आंब्याखाली पुन्हा सगळे जमले. मावशी या वेळी मागे बसली.

तू रडलास. खरंच रडलास, मला तुझं रडणं लहानपणापासून ओळखता येतं. माझी गरीब बिचारी मावशी, म्हणालास. अनाथ नातवंडं, मोडके गुडघे, उसनी कोंबडी. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी लोकांना फोन करायला सांगितलं. लोक फोन करत होते, आम्ही काय पाठवू, कुठे पाठवू. कुणी म्हणालं अशा देवमाणसाला घर बांधून द्यावं.

डोरोफेने डोळे पुसले. मी मावशीकडे पाहिलं. ती रागाने काळीनिळी झाली होती. मी तिचा शब्द मोडला हे सांगितलं तेव्हाही ती एवढी रागावली नव्हती. तेव्हा फक्त म्हणाली होती, "तुझी जीभ, तू जाण. देवाला तूच सांग."

आता म्हणाली, "मागच्या वेळी मी चोर होते. या वेळी भिकारीण झाले. त्या रेडिओत मधलं काही नसतंच का?"

दुसऱ्या दिवशी सभा झाली. तू आला नाहीस, म्हणून जे झालं ते लिहितो.

चिरांबो साहेब खुशीत होते. "आजी, आता काही अडचण राहिली नाही. तुमच्या मुलाने सगळं सांगितलंय. तुम्ही फक्त सगळ्यांसमोर एकदा म्हणा, की मी गरीब आहे."

"का? तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतंय हो. पण तुमच्या तोंडून यायला हवं. पद्धत आहे."

"साहेब, लग्न झालंय?"

"नाही अजून."

"मग मागणी घालायला जाल, तेव्हा सासरच्यांसमोर उभं राहून आधी म्हणा, मी कुरूप आहे. पद्धत म्हणून."

बायका हसल्या. साहेबही हसले, पण कान लाल झाले. मग मावशी उठली. बसून बोलायचं वय आहे तिचं, कुणी काही म्हटलं नसतं, पण माझ्या खांद्याला धरून उठली.

"लिहा," म्हणाली. "नवरा नाही. मुलगी मातीत गेली. तिची दोन पोरं माझ्याकडे आहेत. पुरात मका गेला. गुडघे गेले. हे सगळं खरं आहे, हे लिहा. आणि दारात माणूस आलं की मी चूल पेटवते, तेही लिहा, तेही खरं आहे. दोन्ही एका कागदावर मावत नसेल तर दुसरा कागद घ्या. पण गरीब बिचारी असं लिहू नका. बिचारी मी नाही. विचारा कुणालाही."

मागून लेफती उठला. तुला आठवेल, नदीकाठचा. म्हणाला, "गरज मलाही आहे. माझ्याकडे कोण बघतं? हिला रेडिओ मिळाला म्हणून!"

मला वाटलं आता सगळं फिसकटतं. कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या अंगावरचा सदरा बघितला असतास तर कळलं असतं.

मावशी म्हणाली, "मग तूही माग, लेफती. मी तुझ्या शेजारी उभी राहते. माझं बंद केलं तर तुला मिळणार आहे का? विचार साहेबांना."

लेफतीने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, नाही, तसं होत नाही. लेफती म्हणाला, "मग हिचं कशाला बंद ठेवलंय?" आणि बसला.

साहेबांनी प्रमुखबाईंना विचारलं, गावाचं काय म्हणणं? प्रमुखबाई म्हणाल्या, "गावाचं म्हणणं ती आत्ता बोलली तेच." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी बराच वेळ लिहिलं. खरंच दुसरा कागद घेतला. गरीब हा शब्द तिच्या तोंडून आला नाही तो नाहीच, आणि मदत पुन्हा चालू झाली. लेफतीचं नाव पुढच्या तपासणीसाठी घेतलं आहे, मिळेल की नाही देव जाणे. तामांदानीची जागा शाळेच्या मुख्याध्यापकांनी दोन आठवडे राखून ठेवली होती. सोमवारपासून ती जाते. कापड पुन्हा शिंप्याकडे आहे.

आता तुझ्या नव्या चिठ्ठीबद्दल. तू लिहितोस की रेडिओवाले तुझ्याबरोबर गावी यायला तयार आहेत. मावशीचं बोलणं ध्वनिमुद्रित करतील, फोटो काढतील, चादरी आणि तेलाचे डबे देतील, दुकानाच्या नावासह. तुला वाटतं याने सगळं भरून निघेल.

मी ते तिला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं, ऐकायला कमी येतं म्हणून नव्हे. मग म्हणाली, "त्याला लिही. मला बघायला ये म्हणावं, दाखवायला नको."

तेव्हा तुझ्या मोटारीतून कुणाला आणू नकोस. चादरी दुकानात विक. येणार असशील तर शनिवारी पहाटे ये, जुने कपडे घालून. डोरोफेच्या तुरीचे चार वाफे अजून निंदायचे राहिलेत. ते निंदायचं मावशीने कबूल केलंय, मी केलेले तिला चालत नाहीत. तुझे चालतील का हे मी विचारलेलं नाही. ते तूच येऊन विचार.

जायलोस